राहे : मागे सरणाऱ्या समुद्राकाठी एक दिवस

गेल्या आठ वर्षांत मी एकटीने केलेला हा पहिलाच प्रवास. अंतर अवघे ७५ किलोमीटर, बसने तासा-सव्वातासाचे. तरीही आदल्या रात्री झोप लागली नाही. यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, निदान झाले त्या दिवसापासून माझे घड्याळ यांच्या गोळ्यांवर चालत आले आहे. सकाळची गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, मग अकराची, मग तिसऱ्या प्रहरची, मग रात्रीची. भाजीला गेले तरी तासाच्या आत परतायचे, लग्नाला गेले तरी अक्षता पडल्या की निघायचे. कोणी सक्ती केलेली नव्हती. सवय मात्र हाडीमाशी मुरली होती.

आमची लेक उत्तर फिनलंडमधील औलू या शहरात नोकरी करते. जानेवारीत तिला मुलगी झाली, म्हणून आम्ही दोघे तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो होतो. मार्चच्या मध्यावर एके रात्री ती म्हणाली, ''आई, उद्या तू कुठेतरी जाऊन ये. एकटी. बाबांच्या गोळ्या मला पाठ आहेत.'' मी नाही म्हणणार हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने इथला कायदा काढला. घरच्या रुग्णाची किंवा वृद्धाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकाशी या देशात सरकारी यंत्रणा रीतसर करार करते. त्याला दरमहा मानधन मिळते आणि महिन्यातून किमान दोन दिवस सुट्टी मिळते; रात्रंदिवस अडकून पडलेल्याला किमान तीन. त्या दिवशी रुग्णाची सोय दुसरीकडे लावून दिली जाते. ''तुझी आठ वर्षांची किती साचली ते मोज,'' ती म्हणाली. मी आयुष्यभर गणित शिकवले. हिशेब आपोआप झाला. २८८ दिवस. त्यातला एक खर्च करायला हरकत नव्हती.

यांना विचारले, तर हे म्हणाले, ''एखादं बंदर बघून ये.'' हे मूळचे जयगडचे. बंदर म्हटले की यांच्या डोळ्यांत अजून काहीतरी हलते. नकाशावर औलूच्या नैऋत्येला, बोथनियाच्या आखातावर, एक छोटे बंदर सापडले : राहे. आपल्या जुन्या कवितेत हे क्रियापद पावलोपावली भेटते. राहतो, टिकून असतो, या अर्थाने. एवढ्या आपलेपणावर मी तिकीट काढले.

नावाचा खरा उगम अर्थात वेगळा. सतराव्या शतकात फिनलंड स्वीडनच्या अमलाखाली होते, तेव्हा काउंट पेर ब्राहे हा तिथला गव्हर्नर-जनरल होता. त्याने १६४९ साली हे नगर वसवले. आधी त्याला सालो म्हणत, पुढे संस्थापकाच्या नावावरून स्वीडिशमध्ये ब्राहेस्टाड झाले. शब्दाच्या आरंभी जोडाक्षर आले की अस्सल फिनिश जीभ अडखळते. आपल्याकडे स्टेशनचे ठेसन झाले, तसे ब्राहेचे राहे झाले. या ब्राहेने तिथे इतकी नगरे वसवली आणि व्यवस्था लावली, की एखादी गोष्ट अगदी नेमक्या वेळी घडली तर फिनिश माणूस आजही ती 'काउंटच्या काळात' झाली असे म्हणतो.

बसमधून दोन्ही अंगांना बर्फाखालची शेते, बर्च आणि पाइनची रांग, पुन्हा शेते. सूर्य निघाला होता. हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस, ६४ अंशांच्या पुढे आहे. डिसेंबरअखेर इथला दिवस चार तासांचाही भरत नाही आणि जूनमध्ये सूर्य जेमतेम अडीच तास क्षितिजाआड जातो, अंधार असा होतच नाही. मार्चमध्ये दिवस आणि रात्र बरोबरीला येतात, पण बर्फ हटलेला नसतो. वरून लखलखीत ऊन, पायाखाली पांढरी जमीन. डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसलेल्या दोन वृद्ध स्त्रिया चेहरे उन्हाकडे वळवून स्वस्थ होत्या. हिवाळ्यात त्वचेला ऊन मिळत नाही म्हणून या देशात दुधात ड जीवनसत्त्व मिसळतात आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना वर्षभर रोज २० मायक्रोग्रॅम घेण्याची शिफारस आहे. आपल्याकडे ऊन उदंड, पण घरातून बाहेर न पडणाऱ्या वृद्धाला त्याचा उपयोग काय? यांचे ड जीवनसत्त्व तपासले तेव्हा पुण्याच्या वैशाखातही कमीच निघाले होते.

बसमधून उतरताच पहिली अडचण आली : चालणे. दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठून रस्त्यावर काच पसरल्यासारखा झाला होता. त्यावर खडी टाकलेली होती, लेकीने माझ्या बुटांखाली खिळ्यांच्या रबरी पट्ट्याही बांधून दिल्या होत्या. तरी मी दहा पावलांत घामाघूम झाले. तेवढ्यात माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल अशी एक बाई शेजारून सरळ निघून गेली. तिच्या हातात एक विलक्षण वाहन होते. दोन लांब, बारीक पोलादी पट्ट्या, त्यांवर पुढे लाकडी खुर्ची, पाठीशी आडवी मूठ. त्याला पोत्कुरी म्हणतात. तरुण माणूस एक पाय पट्टीवर ठेवून दुसऱ्याने रेटा देत झपाट्याने जातो. वृद्ध माणूस नुसती मूठ धरून तिच्या आधाराने चालतो. बाजाराची पिशवी खुर्चीवर. दमले तर आपणच खुर्चीवर. किराणा दुकानाच्या दारात अशा चार-पाच पोत्कुऱ्या, आपल्याकडे सायकली लावतात तशा, ओळीने उभ्या होत्या.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. यांना फिजिओथेरपिस्टने दोन वर्षांपूर्वी वॉकर सुचवला. तो घरात आला, पलंगामागे गेला आणि त्यावर टॉवेल वाळू लागले. ''लोक काय म्हणतील?'' हा यांचा प्रश्न, आणि खरे सांगायचे तर थोडासा माझाही. इथे आधाराचे साधन ही ज्याची त्याची बाब नव्हती. ते गावाचे वाहन होते. शाळकरी मुलगाही तेच घेऊन चालला होता.

गावाचा जुना भाग म्हणजे लाकडी घरांच्या सरळ गल्ल्या. पिवळी, करडी, विटकरी घरे, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या. मधोमध पेक्कातोरी नावाचा चौक आहे. पेर या नावाचे फिनिश रूप पेक्का. म्हणजे हा 'पेक्काचा चौक', आणि मध्ये काउंटसाहेबांचा पुतळा, त्या दिवशी डोक्यावर बर्फाची टोपी घातलेला. १८१० च्या आगीत गावाचा बहुतेक भाग भस्मसात झाला. त्यानंतर आखून हा चौक बांधला, तो असा की चारही कोपरे घरांनी बंद आणि रस्ते बाजूंच्या मध्यातून आत शिरतात. त्यामुळे चौकात उभे राहिले की अंगणात असल्यासारखे वाटते. चौकातल्या एका खिडकीत कुंडी, कुंडीशेजारी एक म्हातारा गृहस्थ. मी पाहिले तसा त्याने हात वर केला. मीही केला. एकटे फिरण्याचा तोवर वाटणारा अपराधीपणा तिथे थोडा सैल झाला. तरी घड्याळाकडे पाहिलेच. अकराची गोळी. फोन केला. लेक म्हणाली, ''दिली. आता फोन करू नकोस.''

समुद्र चौकापासून थोड्याच अंतरावर. पण समुद्र म्हणून जे दिसले ते एक पांढरे पठार होते. कोकणच्या माणसाला समुद्राची खूण आधी नाकाला पटते, मग कानाला. इथे ना खारा वास, ना गाज. या आखातात इतक्या नद्या येऊन मिळतात की पाणी जवळपास गोडे. अरबी समुद्राच्या साधारण दहावा हिस्साच मीठ. म्हणून ते लवकर गोठते आणि या उत्तर भागात वर्षाकाठी पाच-सहा महिने बर्फ टिकतो. दूरवर काही काळे ठिपके होते. ते मासेमारी करणारे निवृत्त लोक. बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचे, छोट्या स्टुलावर बसायचे, वीतभर काठीला गळ लावून खाली सोडायचा आणि तासन्‌तास वाट पाहायची. बोलायचे नाही. फिनिश वार्धक्याची ही आवडती करमणूक.

भरती-ओहोटीही इथे जवळजवळ नाही. मात्र एक ओहोटी आहे, जी सुरू होऊन दहा हजार वर्षे झाली आणि अजून थांबलेली नाही. हिमयुगात या प्रदेशावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या भाराने जमीन खाली दबली होती. बर्फ वितळला, भार उतरला, तशी ती हळूहळू वर येऊ लागली, आणि आजही दरवर्षी सात-आठ मिलिमीटर येते आहे. आकडा किरकोळ वाटतो. पण काउंटने गाव वसवल्यापासूनचा हिशेब केला तर किनारा अडीच-तीन मीटर उचलला गेला. जिथे होड्या लागत तिथे लव्हाळी आली, मग गवत, मग घरे. जुने बंदर उथळ झाले, तशी मोठी जहाजे बाहेरच्या लापालुओतो बंदरात लागू लागली. या किनाऱ्यावरच्या गावांना पाण्यामागे असे पुढे पुढे जावे लागले आहे.

वर्षाला सात-आठ मिलिमीटर कोणाच्या डोळ्यांना दिसणार? मला यांची सही आठवली. हे महसूल खात्यात होते. मोठी, ऐसपैस, खाली फटकारा मारलेली सही. एकदा बँकेतून धनादेश परत आला, सही जुळत नाही म्हणून. हे रागावले, मीही बँकेला नावे ठेवली. घरी आल्यावर जुनी कागदपत्रे काढून पाहिली तेव्हा कळले. पाच-सहा वर्षांत ती सही दरवर्षी थोडी थोडी लहान होत मुंगीएवढी झाली होती. अक्षर बारीक होत जाणे हे या आजाराचे लक्षण आहे, हे न्यूरॉलॉजिस्टने नंतर सांगितले. रोज पाहणाऱ्याला ते दिसत नाही. नव्या मापाची सही आम्ही बँकेत नोंदवून आलो.

या गावाची श्रीमंती समुद्रावर आणि डांबरावर उभी राहिली. रस्त्यावर घालतात ते डांबर वेगळे. हे पाइनच्या झाडाचे. उभ्या झाडाची साल थोडी थोडी सोलायची, म्हणजे जखमेपाशी राळ साठते. काही वर्षांनी ते लाकूड तोडून मोठ्या खळग्यात रचायचे, वर माती-गवताचा थर देऊन आतल्या आत मंद धुमसत ठेवायचे, आणि तळाच्या नळीतून गळणारा काळा द्रव पिंपांत भरायचा. लाकडी जहाजांच्या काळात त्यावाचून जगातील कोणत्याही आरमाराचे चालत नसे. परदेशाशी थेट व्यापाराची मुभा इथल्या बंदरांना बराच काळ नव्हती. माल स्टॉकहोममार्गे जाई आणि नफा तिथेच राही. ती मुभा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळू लागली आणि राहेचे व्यापारी जहाजांचे मालक झाले.

१८०९ मध्ये फिनलंड रशियाच्या ताब्यात गेले, आणि रशियाचे युद्ध ते फिनलंडचे युद्ध झाले. क्रिमियाचे युद्ध आपल्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेलमुळे ठाऊक असते. त्याच युद्धात, १८५४ च्या मे महिन्याअखेर, ब्रिटिश अ‍ॅडमिरल प्लम्रिजच्या तुकडीने राहे गाठले आणि जहाजे, गोदी, लाकूड, डांबर यांना आग लावली. दोन दिवसांत औलूचीही तीच गत केली. यातला विनोद असा की जळालेल्या मालापैकी पुष्कळसा इंग्लंडच्याच व्यापाऱ्यांनी घेतलेला होता, आणि त्यावरून ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. युद्ध संपल्यावर, १८५६ साली, जोसेफ स्टर्ज आणि थॉमस हार्वी हे दोन इंग्रज क्वेकर स्वतः फिनलंडला आले, नुकसान पाहिले, आणि मायदेशी निधी जमवून किनाऱ्यावरच्या गोरगरिबांना मदत पोचवली. आपल्या आरमाराने केलेल्याची भरपाई आपण करावी, असे त्यांना वाटले. इतिहासाच्या पुस्तकात अशा माणसांना दोन ओळी मिळतात. मला तो उतारा दोनदा वाचावासा वाटला.

गावाने पुन्हा जहाजे बांधली. पुढच्या वीस वर्षांत राहेचा शिडांचा ताफा देशातील सर्वांत मोठ्या ताफ्यांत गणला जाऊ लागला. मग वाफेची जहाजे आली, लोखंडी सांगाडे आले, डांबराची गरज सरली. १८८६ साली औलूला पोचलेली रेल्वेही गावाला वळसा घालून गेली. पाऊणशे वर्षे राहे निपचित पडून होते, आणि म्हणूनच ती लाकडी घरे वाचली. पाडायला कोणाकडे पैसेच नव्हते. १९६० साली सरकारने राउतारूक्की ही पोलाद कंपनी स्थापली, १९६४ मध्ये इथली झोतभट्टी पेटली, आणि गाव पुन्हा जागे झाले. आज वस्ती चोवीस हजारांच्या घरात आहे. बर्फापलीकडे कारखान्याची धुराडी दिसतात. खनिज आणि पोलाद वाहणाऱ्या जहाजांसाठी बर्फफोडी जहाजे वाट मोकळी ठेवतात.

दुपारी वस्तुसंग्रहालयात गेले. फिनलंडमधील हे सर्वांत जुने स्थानिक संग्रहालय, १८६२ चे, आणि ते उभे केले गावच्या डॉक्टरांनी, कार्ल रोबेर्ट एरस्ट्रोम यांनी. खलाशी दूरदेशांहून आणत त्या वस्तू त्यांनी जमवायला सुरुवात केली : शंख, शस्त्रे, विचित्र प्राणी. रुग्णांच्या घरी जाता-येता त्यांच्या नजरेला काय काय पडले असेल!

पण ज्याच्यासाठी लोक इथे येतात तो आहे 'म्हातारे गृहस्थ'. हे त्याचे अधिकृत म्हणावे असे नाव. अठराव्या शतकातला चामड्याचा पाणबुड्या-पोशाख. अशा प्रकारचा जगात टिकून राहिलेला सर्वांत जुना, असे मानतात. १८६० च्या दशकात एका कप्तानाने तो संग्रहालयाला दिला. डोक्यापासून पायापर्यंत एकसंध, शिवणी डांबर-राळेने बुजवलेल्या. आत शिरायला पोटापाशी मोठी फट. शिरल्यावर ती दुमडून घट्ट बांधायची. टोपाला हवेची नळी, वर उभ्या माणसाने भात्याने हवा भरत राहायचे. गोदी कोरडी न करता जहाजाचा तळ तपासण्यासाठी हा खटाटोप. १९८८ साली त्याची हुबेहूब प्रतिकृती करून पाण्यात उतरवली, आणि ती चालली.

काचेआड तो जरा वाकून उभा होता. हात पुढे, खांदे झुकलेले, चेहऱ्याच्या जागी दोन गोल काचा. कंपवाताचा रुग्ण असाच उभा राहतो. चेहराही असाच स्थिर होतो. घरी आलेले पाहुणे म्हणतात, ''यांना आमचं येणं आवडलेलं दिसत नाही.'' आवडलेले असते. चेहऱ्याचे स्नायू ते सांगत नाहीत, एवढेच. आणि वर भाता मारणारा माणूस, त्याचा इथे पुतळा नाही, चित्र नाही. त्याने हात थांबवला असता तर? मी बाकावर बसले आणि पर्समधली कोरडी चपाती-भाजी खाल्ली. नियमात बसत नसावे. तिथल्या मुलीने पाहिले, हसली आणि पाण्याचा पेला आणून दिला.

परतीच्या बसला वेळ होता. जवळच्या दुकानात डांबराच्या वस्तू मांडल्या होत्या : डांबराच्या गोळ्या, शाम्पू, साबण. ज्या रोगावर सौना, दारू आणि डांबर चालत नाही तो रोग प्राण घेणारच, अशी फिनिश म्हण आहे. त्यातली दारू सोडून देऊ. सौनाचे म्हणाल तर पूर्व फिनलंडमधील २३१५ मध्यमवयीन पुरुषांचा वीस वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून अनेकदा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण कमी आढळले. ती माणसे लहानपणापासून सौनात वाढलेली, हे विसरू नये. कंपवातात उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, उष्णतेने तो आणखी उतरतो. म्हणून यांना आम्ही त्या खोलीच्या दारापर्यंतही नेले नाही. तुमच्या घरी कोणाला हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर परदेशी मुलांच्या आग्रहाआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मला मात्र सौनाविषयी लेकीने सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक लागली. जुन्या काळी गावातली सर्वांत ऊबदार आणि स्वच्छ खोली तीच. म्हणून बाळंतपण तिथे होई आणि मृताला शेवटचे स्नानही तिथेच घालत. दोन्ही वेळा बहुधा घरच्याच बाया असत.

मी डांबराचा साबण घेतला. काळपट वडी, धुरकट, उग्र वास. बसमध्ये तो पिशवीतून दरवळत राहिला.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. हे खिडकीशी बसले होते, नात मांडीवर. दुपारची गोळी अर्धा तास उशिरा झाल्याचे लेकीने आपण होऊन सांगितले. काही बिघडले नव्हते. मी यांच्या हातात साबण दिला. यांना वास येईनासा झाला त्याला निदानाआधीची कित्येक वर्षे झाली. तेही याच आजाराचे लक्षण, हे आम्हाला मागाहून समजले. फोडणी करपली तरी यांच्या लक्षात येत नसे आणि मी चिडत असे. तरी यांनी वडी नाकाशी नेली. हात थरथरत होता. बराच वेळ तशीच धरून ठेवली.

''काही येत नाही,'' हे म्हणाले. मग वडी माझ्याकडे परत करत म्हणाले, ''तू सांग, कसा आहे?''

मी खुर्ची जवळ ओढली. म्हटले, ''जयगडला पावसाआधी होड्या उपड्या घालून तेल-डांबर लावायचे ना, तो वास आठवतो का? त्यात थोडा चुलीचा धूर मिसळा.''

''थांब,'' हे म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. ''आता पुढचं सांग. धक्का कुठल्या बाजूला होता?''